कथन-चिकित्सा आणि सत्त्वावजय : रुग्णाच्या ‘ज्ञापकत्वा’चा पुनर्विचार

चरकाचार्यांनी खुड्डाकचतुष्पाद अध्यायात (सूत्रस्थान, अध्याय ९) रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. वाग्भटाचार्यांनी या यादीत फेरफार केला. त्यांनी आढ्यत्व आणि सत्त्व यांना स्थान दिले, स्मृतीचा वेगळा उल्लेख केला नाही. ज्ञापकत्व मात्र त्यांनीही कायम ठेवले. हे गुण उत्तरपत्रिकेत लिहून आपण सर्वांनीच गुण मिळविलेले आहेत. प्रत्यक्ष व्यवसायात मात्र ज्ञापकत्वाचा अर्थ आपण फार आकुंचित करून टाकला आहे. ‘किती दिवसांपासून?’, ‘भूक कशी?’, ‘मलप्रवृत्ती साफ होते का?’ एवढ्या प्रश्नांना नेमकी उत्तरे देणारा तो उत्तम ज्ञापक, आणि ‘डॉक्टरसाहेब, त्याचं असं झालं’ म्हणत तीन वर्षांपूर्वीच्या पोळ्यापासून सुरुवात करणारा तो वेळखाऊ, अशी आपली नकळत वाटणी होऊन गेलेली असते.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या रुग्णाचा विचार करावयाचा आहे. त्याला जे सांगावयाचे असते त्यात लक्षणे असतात, परंतु ती एका वृत्तांतात गुंफलेली असतात. आणि पुष्कळदा तो वृत्तांत त्याने स्वतः रचलेला नसतो. सासरच्या माणसांनी, भाऊबंदांनी, गावाने, क्वचित एखाद्या सरकारी कागदाने तो रचून त्याच्या हाती दिलेला असतो. ‘पांढऱ्या पायाची’, ‘वांझोटी’, ‘दारुड्या’, ‘बुडीत निघालेला’ हे शब्द आमच्या ओपीडीत रोज ऐकू येतात. रुग्ण ते स्वतःविषयी उच्चारतो तेव्हा ते दुसऱ्याचे शब्द आहेत याची त्याला जाणीव उरलेली नसते. अशा रुग्णाला निद्राजनन आणि दीपन-पाचन देऊन काही काळ बरे वाटते, आणि मग तो पुन्हा त्याच तक्रारी घेऊन येतो. सत्त्वावजयाचे काम येथून सुरू होते. ते कसे करावे, या प्रश्नाचे एक उपयुक्त उत्तर पाश्चात्त्य मानसोपचारात ‘नॅरेटिव्ह थेरपी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत मिळते. तिला आम्ही येथे ‘कथन-चिकित्सा’ म्हणतो.

पद्धतीचा परिचय

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील डेव्हिड एप्स्टन या दोघांनी १९८० च्या दशकात ही पद्धती विकसित केली. व्हाइट हे पेशाने समाजकार्यकर्ते होते. त्यांनी १९८३ साली ॲडलेड येथे डलविच सेंटर सुरू केले; दोघांचा ‘नॅरेटिव्ह मीन्स टू थेराप्युटिक एंड्स’ हा ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला. व्हाइट यांचे २००८ साली निधन झाले. मुंबईत २००१ साली सुरू झालेल्या उम्मीद बाल विकास केंद्राने विकासविषयक अडचणी असलेली मुले व त्यांचे पालक यांच्यासाठी या विचाराचा अवलंब केला आहे आणि प्रशिक्षणही दिले आहे. त्यामुळे ही पद्धती महाराष्ट्राला सर्वस्वी अपरिचित नाही. आपल्या पंथाच्या नियतकालिकांत मात्र ती आलेली आमच्या पाहण्यात नाही.

तत्त्व समजण्यासाठी व्हाइट यांच्या १९८४ च्या लेखातील विषय घेऊ, कारण तो आपल्याही परिचयाचा आहे : मोठे झाल्यावरही कपड्यांत शौच करणारी मुले. अशा घरात मुलाला ‘घाणेरडा’, ‘आळशी’ म्हटले जाते, आईला ‘वळण न लावणारी’ ठरविले जाते आणि दोघेही शरमेने मिटून जातात. व्हाइट यांनी त्या तक्रारीलाच एक खोडकर नाव दिले. मराठीत आपण ‘चोरटी शी’ म्हणू. मग ते विचारीत : ही चोरटी शी तुला कशी फसविते? कोणत्या वेळी गाठते? आई आणि तुझ्यामध्ये ती कशी भांडणे लावते? आणि तू तिला कधी फसविलेस? जो मुलगा आतापर्यंत आरोपी होता तो या प्रश्नांमुळे प्रतिपक्षी बनतो, आणि आई त्याच्या बाजूने उभी राहते. व्याधी आणि व्याधित यांना भाषेत वेगळे करणे, ही कथन-चिकित्सेची पहिली पायरी होय.

दुसरा विचार याहून सूक्ष्म आहे. चाळीस वर्षांच्या आयुष्यात असंख्य घटना घडलेल्या असतात. त्यांपैकी मोजक्या उचलून, एका दोऱ्यात ओवून माणूस स्वतःची कहाणी सांगतो. ‘मी कोठेच यशस्वी झालो नाही’ असे सांगणाऱ्याने ज्या घटना ओवल्या त्या खोट्या नसतात. परंतु ज्या गळाल्या त्याही घडलेल्याच असतात. वैद्याने प्रश्नांच्या साहाय्याने या गळालेल्या घटनांपर्यंत जावयाचे, त्या तपशीलवार सांगावयास लावावयाच्या, त्यांतून रुग्णाला स्वतःविषयी काय दिसते ते त्यालाच विचारावयाचे, आणि नव्या कहाणीला साक्षीदार मिळवून द्यावयाचे. एप्स्टन यांनी यासाठी पत्रांचा फार सुंदर उपयोग केला. भेटीनंतर ते रुग्णाला पत्र लिहीत, आणि त्यात रुग्णाने वापरलेले शब्दच पुन्हा त्याच्यासमोर ठेवीत.

येथे दोन गैरसमज दूर करणे इष्ट. मन मोकळे करणे, रडून घेणे याने हलके वाटते हे खरे, पण तीच कहाणी शंभर वेळा सांगून ती अधिक पक्की होण्याचाही संभव असतो; कथन-चिकित्सा म्हणजे केवळ ऐकून घेणे नाही. तसेच ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगून रुग्णाच्या हाती एक गोड गोष्ट देणे हेही नाही. वैद्याने दिलेली गोड गोष्ट ही शेवटी दुसऱ्यानेच रचलेली गोष्ट असते.

या पद्धतीविषयीचे संशोधन अद्याप थोडे आहे आणि बहुतेक अभ्यास लहान आहेत. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विषादग्रस्त ४७ प्रौढांना ८ बैठका देण्यात आल्या. बहुतेकांत सुधारणा आढळली, परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून या पद्धतीला रामबाण मानण्याचे कारण नाही. आपल्या चिकित्सेस जोड देणारे साधन म्हणून तिच्याकडे पाहावे.

संहितांतील आधार, आणि त्याची मर्यादा

तिस्रैषणीय अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे त्रिविध औषध सांगितले आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, ही सत्त्वावजयाची व्याख्या तेथेच येते. दीर्घंजीवितीय अध्यायात मानसदोषांच्या शमनासाठी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी यांचा निर्देश आहे. अग्र्यसंग्रहात विषाद हा रोग वाढविणाऱ्या भावांत श्रेष्ठ गणला आहे. हे सर्व आपणास पाठ आहे. त्या मानाने उपकल्पनीय अध्यायातील (सूत्रस्थान, अध्याय १५) एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. संशोधनापूर्वी आतुरालय कसे सज्ज करावे हे सांगताना चरकाचार्य उखळ-मुसळापासून शय्येपर्यंत सारे सांगतात आणि परिचारकांच्या जोडीला गायन-वादनात, श्लोक-गाथांत, आख्यायिकांत, इतिहास-पुराणांत निपुण अशी माणसे ठेवण्यास सांगतात. सुश्रुताचार्यांच्या व्रणितोपासनीय अध्यायात तर, सुहृदांनी कथा सांगितल्याने व्रणाची वेदना दूर सरते असा स्पष्ट अभिप्राय आहे. शल्यतंत्राच्या ग्रंथात, जखमेच्या संदर्भात, कथेचे हे स्थान आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि ‘हे सर्व आपल्याकडे आधीच होते’ असे म्हणून थांबण्याचा मोह टाळावा असे आम्हांस वाटते. उपकल्पनीयातील कथा परिचारकाने सांगावयाची आहे आणि रुग्णाने ऐकावयाची आहे. सत्त्वावजयाची रूढ समजूतही उपदेशाची आहे : वैद्य जाणता, रुग्ण अजाण. कथन-चिकित्सेत हा क्रम उलटतो. रुग्णाच्या आयुष्याचा जाणकार रुग्णच मानला जातो आणि वैद्याकडे फक्त प्रश्न असतात. हा भेद प्रामाणिकपणे मान्य केला तरच दोहोंचा मेळ घालण्यात अर्थ आहे.

मेळ घालण्याची जागा आमच्या मते ‘स्मृती’ ही आहे. कतिधापुरुषीय अध्यायात धी, धृती आणि स्मृती यांच्या विभ्रंशातून प्रज्ञापराध सांगितला आहे. स्मृतिभ्रंश म्हटले की आपण विसराळूपणाचा विचार करतो. परंतु ज्या रुग्णाला अपमानाचा प्रत्येक प्रसंग वारासहित आठवतो आणि स्वतःच्या धैर्याचा एकही आठवत नाही, त्याची स्मृती शाबूत आहे असे म्हणता येईल काय? तीही भ्रष्टच झाली आहे, एका बाजूला कलली आहे. गळालेल्या घटना परत आणणे म्हणजे स्मृतीला स्थानावर आणणे. हे विवेचन आमचे आहे, संहिताकारांचे नाही. विद्वज्जनांनी त्याचा विचार करावा. पण एवढे धरले की रुग्णाच्या चार गुणांतील पहिला आणि शेवटचा, स्मृती आणि ज्ञापकत्व, एकमेकांशी जोडले जातात, आणि ज्ञापकत्व हा एकट्या रुग्णाचा गुण राहत नाही. कोण विचारतो, कसे विचारतो, यावरही ते अवलंबून राहते.

रुग्णवृत्त

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मजकूर रुग्णेस वाचून दाखवून तिची संमती घेतली आहे.)

शिंदखेडा तालुक्यातील एका खेड्यातील, साधारण चाळिशीची स्त्री. हंगामात मिरचीच्या पथारीवर देठ खुडण्याचे काम, एरव्ही शेतमजुरी. परगावच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर आमच्या भागात मिरची वाळत घालण्याच्या मोकळ्या विस्तीर्ण जागेला पथारी म्हणतात. तक्रारी : अनिद्रा, हृद्द्रव, अरुची, शिरःशूल, हातांना कंप. झोप जेमतेम तीन तास. रक्तदाब, थायरॉइडची तपासणी व ईसीजी यांत दोष नाही, किंचित पांडुता. यापूर्वी दोन ठिकाणी झोपेच्या गोळ्या घेऊन झालेल्या. मिरचीच्या खकाण्यामुळे डोके दुखते, असे तिला सांगण्यात आले होते, आणि ते अंशतः खरेही असावे.

तीन वर्षांपूर्वी तिच्या पतीने आत्महत्या केली होती. २००६ पासून आपल्या राज्यात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबास १ लाख रुपयांचे साहाय्य मिळते. त्यासाठी नापिकी, कर्जबाजारीपणा, कर्जवसुलीचा तगादा या कारणांच्या निकषांवर प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. सातबारा सासऱ्यांच्या नावे असल्याने हे प्रकरण ‘अपात्र’ ठरले. गावात बोलले गेले की कर्ज नव्हतेच, घरातच काही तरी असेल. ‘घरात’ म्हणजे तीच. दुसऱ्या भेटीत ती सहज बोलून गेली, “मी अपात्रच शे.” प्रकरणाला लागलेला शिक्का तिने स्वतःला लावून घेतला होता.

औषधयोजना साधी ठेवली : रात्री दुधातून अश्वगंधा चूर्ण, जेवणानंतर सारस्वतारिष्ट, झोपण्यापूर्वी तिळतेलाने पादाभ्यंग, पांडुतेसाठी लोहकल्प. त्याबरोबर आठवड्यातून एकदा, ओपीडी संपल्यावर, पाऊण तासाची बैठक. बोलणे अहिराणीत. हा मुद्दा आम्ही महत्त्वाचा मानतो. पुस्तकी मराठीत ती ‘त्रास होतो’ एवढेच म्हणे. अहिराणीत तिला शब्दांची वाण नव्हती. रात्री काय होते असे विचारता ती म्हणाली, “रातले चकवा लागस.” अंधारात वाट चुकवून माणसाला त्याच त्या शेतात फिरवीत ठेवणारा चकवा आपल्या खेड्यांत सर्वांना माहीत आहे. नाव तिने दिले. आम्ही ते उचलून धरले.

पुढील प्रश्न या नावाभोवती राहिले. “चकवा तुमले काय सांगस?” तो सांगतो की तू त्या दिवशी शेतात गेली नसतीस तर हे घडले नसते. तो कोणाच्या आवाजात बोलतो? ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग तिने एका नातलगाचे आणि चावडीवरच्या दोघांचे नाव घेतले. चकवा कोणत्या रात्री आला नाही? ‘रोज येतो’ हे ठरलेले उत्तर आधी आले. मग तिला एक रात्र आठवली : पथारीवर मजुरीच्या दरावरून बायकांचा वाद झाला, सर्वांच्या वतीने बोलावयास हिलाच पुढे केले आणि दर वाढवून मिळाला, त्या दिवसाची. हा प्रसंग तिने कोणालाच सांगितलेला नव्हता. तिच्या लेखी तो सांगण्याजोगा नव्हता. असे प्रसंग हाती आले की घाई करू नये. त्या दिवशी सर्वांनी तुम्हालाच का पुढे केले? त्यांना तुमच्यात काय दिसले असेल? असे बोलणे तुम्ही कोठे शिकलात? या प्रश्नांवर दोन बैठका गेल्या. त्यांतून कळले की अपात्रतेचे कारण लेखी द्या, अशी मागणी करण्यास ती एकटी संबंधित कार्यालयात तीन वेळा गेली होती, आणि मुलीची शाळा तिने एक दिवस बुडू दिली नव्हती.

पतीविषयी बोलणे सर्वांत कठीण होते. व्हाइट यांचा १९८८ चा एक लेख शोकाविषयी आहे. गेलेल्या माणसाला विसरून पुढे जावे, या रूढ सल्ल्याऐवजी त्याच्याशी असलेले नाते परत मिळवावे, असा त्याचा आशय आहे. आत्महत्येने गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण त्याच्या मरणाची गोष्ट त्याच्या जगण्याची गोष्ट गिळून टाकते. तीन वर्षांत तिला सर्वांनी तो कसा गेला ते विचारले होते. तो कसा होता, हे विचारल्यावर ती प्रथमच हसली. त्याच्या पाभरीची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ जाई, आणि आसपासचे लोक पेरणीला त्याला बोलावीत. पाभर धरावयास त्याने हिलाही शिकविले होते. त्याने तुम्हाला शिकविले, याचा अर्थ तो तुम्हाला काय समजत असेल? या प्रश्नाचे उत्तर तिने पुढच्या आठवड्यात दिले, आणि ते आम्ही येथे लिहीत नाही.

सहाव्या बैठकीस तिच्या इच्छेने पथारीवरील दोन मैत्रिणी आल्या. त्यांनी सल्ला द्यावयाचा नाही, कीव करावयाची नाही, ऐकताना आपल्याला काय भिडले तेवढेच सांगावयाचे, असे आधी समजावून दिले होते. शेवटी तिने सांगितले आणि नववीतल्या मुलीने लिहिले, असे एक पत्र तयार झाले. ते चकव्याला उद्देशून होते.

चार महिन्यांनंतर झोप पाच ते सहा तास, अरुची नाही, हृद्द्रव क्वचित, कंप नाही. पतीच्या स्मृतिदिनाच्या सुमारास आठ-दहा रात्री पुन्हा वाईट गेल्या. प्रकरण कागदोपत्री आजही अपात्र आहे. यांतील किती श्रेय अश्वगंधेचे आणि किती बैठकांचे, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही, आणि कोणी सांगू नये. एक मात्र नमूद करतो : सातबारा, कर्ज आणि मजुरीचा दर हे रुग्णेच्या मनातले दोष नाहीत. त्यांना विषादाचे नाव देऊन त्यावर अरिष्ट लिहून देणे ही चिकित्सा नव्हे. तिला वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे काय अर्ज करावा लागतो ही माहिती मिळवून देणे, हेही आम्ही चिकित्सेचाच भाग समजलो.

‘बाहेरचे’ आणि बाहेर काढलेले

वाचक वैद्यांपैकी काहींच्या मनात शंका येईल. आपल्या खेड्यांत लोक व्याधीला आधीच बाहेरचे मानतात. करणी, बाधा, अंगात येणे हे काय आहे? व्याधीला चकवा म्हणून आपण त्याच समजुतीला खतपाणी घालीत नाही काय?

शंका रास्त आहे. भेद असा की बाधेचे नाव भगत ठेवतो, उपायही त्याच्याच हाती राहतो आणि रुग्ण अधिकच परतंत्र होतो. कथन-चिकित्सेत नाव रुग्ण ठेवतो, ते रूपक आहे हे तो जाणतो, आणि सामना कसा दिला याची माहितीही त्याच्याचकडून निघते. चरकाचार्यांनीही निदानस्थानातील उन्मादाच्या अध्यायात देव-पिशाचांना दोष न देता स्वतःच्या प्रज्ञापराधाकडे पाहावयास सांगितले आहे. रुग्णास खरोखरच भूतबाधेची खात्री वाटत असेल, तर मात्र रूपकाचा खेळ करू नये. तेथे आधी उन्मादाची तपासणी हवी.

याहून बिकट प्रश्न मद्यपी रुग्णाचा. “दारूनं केलं, मी नाही,” हे वाक्य त्याला शिकवावे लागत नाही. येथे व्याधी वेगळी काढताना जबाबदारीही वेगळी पडून वाहून जाण्याचा धोका असतो. पत्नीवर हात उचलणाऱ्या पुरुषाशी बोलताना दारूला नाव जरूर द्यावे, परंतु पुढचा प्रश्न असा असावा : दारूने तुम्हाला काय करावयास लावले, त्याचे पत्नीच्या शरीरावर आणि मुलांच्या मनावर काय परिणाम झाले, आणि त्याची भरपाई तुम्ही कशी करणार? मारहाणीला चकवा म्हणू नये. पत्नीशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय अशा रुग्णाची बैठक घेऊ नये, असे आमचे ठाम मत आहे.

या संदर्भात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे स्मरण होते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली ते सुरू केले. तेथे दाखल झालेल्यास ‘रुग्णमित्र’ म्हणतात. व्यसनातून बाहेर आलेली माणसे तेथे कार्यकर्ते म्हणून काम करतात आणि आपला अनुभव नव्या माणसांसमोर ठेवतात. त्या कार्याला कोणी कथन-चिकित्सा म्हणत नाही. पण ‘बेवडा’ या शब्दाच्या जागी ‘रुग्णमित्र’ हा शब्द ठेवणे आणि जुन्या रुग्णाच्या कहाणीला नव्या रुग्णाचे कान मिळवून देणे, यांत तिचे मर्म आलेच आहे. अवचटांनी केंद्राच्या वाटचालीवर लिहिलेल्या पुस्तकाचे नावही ‘मुक्तांगणची गोष्ट’ असेच आहे.

सांगण्याच्या हरवलेल्या जागा

स्वतःची कहाणी स्वतःच्या शब्दांत बांधण्याची सोय आपल्या समाजात पूर्वी नव्हती असे नाही. जाते ही त्यांतील मोठी जागा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पहाटेच्या अंधारात, ऐकणारे फारतर समोर बसलेली जाऊ किंवा सून, अशा वेळी बाई सासर, माहेर, भाऊ, मूल न होणे, नवऱ्याचा राग हे सारे दगडापाशी बोलत असे. आपल्या खानदेशातील जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुण वयात वैधव्य आले. घरकाम व शेतकाम करता करता त्यांनी रचलेली गाणी पुत्र सोपानदेव आणि एका आप्ताने टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती जगापुढे आली. वैधव्याविषयी गाव जे सांगत होते त्याहून वेगळे काही त्या स्वतःला सांगू शकल्या, याला आम्ही काव्याइतकेच आरोग्याचेही महत्त्व देतो.

पिठाची गिरणी आली, श्रम वाचले, आणि ते वाचलेच पाहिजे होते. जात्याबरोबर ती पहाटेची जागाही गेली. कानबाईच्या रोटांना बायका एकत्र येतात, पण तो सण श्रावणातला, वर्षातून एकदा. एरव्ही खेड्यातल्या स्त्रीला एकटीला बोलण्याचे, तेही घरच्यांना न पटणारे कारण न देता, जे ठिकाण उरते ते बहुधा दवाखाना. डोके दुखते म्हणून येणे कोणालाही चालते.

व्यवसायात अवलंब

आठवडे बाजाराच्या दिवशी ओपीडीत एका रुग्णास पाच मिनिटेही मिळत नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून आठवड्यातील दोन दिवस शेवटची वेळ एकाच रुग्णासाठी राखून ठेवावी. लहान गावात गोपनीयता हा मोठा प्रश्न असतो. पडद्यापलीकडे कंपाउंडर असेल तर रुग्ण बोलणार नाही, आणि बोलला तर ते सायंकाळपर्यंत गावात पोहोचेल. स्त्री-रुग्णाच्या बैठकीस विश्वासू स्त्री-परिचारिका असावी, पण तिची निवड रुग्णेने करावी.

केसपेपरवर ‘प्रधान वेदना’ या स्तंभाखाली ‘रुग्णाचे स्वतःचे शब्द’ असा एक स्तंभ वाढवावा आणि त्यात भाषांतर न करता लिहावे. ‘जीव उडी गया’ याला लगेच ‘हृद्द्रव’ असे लिहून टाकले की पुढच्या भेटीत धरावयाचे टोक हरवते. हृद्द्रव शेजारच्या रकान्यात लिहावा. निदानाला तोही लागतोच.

कोठे थांबावे हे माहीत असणे अधिक महत्त्वाचे. आत्मघाताचे विचार, भास-भ्रम, प्रसूतीनंतरचा तीव्र विषाद, अपस्मार, मद्यत्यागानंतरचा कंप व बेभानपणा यांत कथन-चिकित्सेवर विसंबू नये. आत्मघाताविषयी स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. असा विचार आढळल्यास रुग्णास एकटे न सोडता धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दवाखान्यात लावून ठेवावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधरास मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान आहे. केवळ बीएएमएस पदवी धारण करणाऱ्या आम्हांसारख्यांना ते नाही. फलकावर ‘मानसोपचार’ असे लिहू नये.

बैठकांच्या शेवटी तयार होणारा कागद, मग ते पत्र असो वा चार ओळींची नोंद, रुग्णाच्याच भाषेत असावा आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. एखादा शब्द त्याला खटकला तर तो बदलावा. मूळ कागद रुग्णाने घरी न्यावा. घरी ठेवणे सुरक्षित नसेल तर त्याने सांगितलेल्या ठिकाणी ठेवावा. दवाखान्यात प्रत ठेवावयाची असल्यास विचारूनच ठेवावी. वर उल्लेखिलेल्या रुग्णेने प्रत ठेवण्यास नकार दिला.